राखाडी टेकड्यांतला दीड तास

मी मूळचा संगमनेरचा असल्यामुळे घळींनी फाटलेली जमीन मला नवीन नव्हती. प्रवरेने काठावर साठवलेल्या जाड गाळाला पावसाच्या पाण्याने वर्षानुवर्षे ओघळ पाडले आहेत, आणि लहानपणी त्या घळींत आम्ही लपाछपी खेळत असू. तिथे पीक येत नाही, म्हणून मोठी माणसे त्या जमिनीकडे पाहतसुद्धा नसत. पुढे भूगोलाच्या पुस्तकात तिच्यासाठी ‘उत्खातभूमी’ असा भारदस्त शब्द भेटला आणि आपण एका पारिभाषिक संज्ञेत लपाछपी खेळलो याचे हसू आले. अमेरिकेत अशा जमिनीला सरळ ‘बॅडलँड्स’, म्हणजे वाईट जमीन, म्हणतात. गेल्या ऑक्टोबरच्या अखेरीस युटा राज्यातल्या हँक्सव्हिल गावाजवळ अशाच वाईट जमिनीची छायाचित्रे काढण्यासाठी मी चार दिवस घालवले. त्या चार दिवसांत दीड तास असा गेला, की त्याच्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही.

सॉल्ट लेक सिटीहून, जिथे मी नोकरी करतो, हँक्सव्हिल गाडीने सुमारे चार तासांवर आहे. दीड-दोनशे वस्तीचे गाव, दोन-तीन खाणावळी, काही मोटेल आणि खडक पोखरून आत दुकान थाटलेला एक पेट्रोल पंप एवढाच त्याचा पसारा. गावाच्या पश्चिमेला कॅपिटल रीफ राष्ट्रीय उद्यानाकडे जाणारा हायवे २४ फ्रीमाँट नदीच्या सोबतीने जातो, आणि त्याच्या दोन्ही अंगांना मॅन्कोस शेल नावाच्या चिखलखडकाच्या राखाडी, निळसर टेकड्या पसरलेल्या आहेत. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेला उभा चिरत जाणारा एक उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी बसलेला गाळ म्हणजे हा खडक. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्हारसातून घडला त्याच्याही आधीची ही गोष्ट आहे. या सगळ्या पसाऱ्यात ६,३०२ फूट उंचीचा फॅक्टरी ब्यूट हा उभ्या कड्यांचा डोंगर एकटा उभा आहे. माथ्यावरच्या वालुकाश्माच्या कठीण टोपीने खालच्या मऊ शेलला आजवर राखले आहे आणि ज्या भागांना अशी टोपी उरली नाही, ते भाग पाण्याने कुरतडून टेकड्या-टेकड्यांचे केले आहेत.

पहिल्या दिवशी माझे काम वाईट झाले. का वाईट झाले ते नीट सांगायला हवे, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. येण्यापूर्वी मी इतरांनी काढलेली अकरा छायाचित्रे फोनमध्ये साठवून ठेवली होती आणि त्यांतली प्रत्येक जागा गाठायची असे मनाशी ठरवले होते. सूर्योदयाला एका ठिकाणी, मग दुपारभर कच्च्या रस्त्यांवर गाडी पिटाळत पुढच्या ठिकाणांची टेहळणी, आणि सूर्यास्ताला फॅक्टरी ब्यूटसमोर. सोबत तीन लेन्स होत्या आणि त्यांपैकी १६-३५ ही रुंद कोनाची लेन्स मी जवळजवळ दिवसभर लावून ठेवली होती, कारण एवढा विस्तार पाहिल्यावर माणसाला तो सगळाच्या सगळा चौकटीत कोंबावासा वाटतो. रुंद लेन्स मात्र अशा जागी घात करते. डोळ्यांना अंगावर येणारी टेकडी चित्रात नखाएवढी होते, आणि वर निम्मी चौकट कोऱ्या, ढगाचा ठिपकाही नसलेल्या आकाशाने भरते. सूर्य बुडाला तेव्हा मी त्या संध्याकाळच्या तिसऱ्या जागी पोचून गाडीच्या टपावर लेन्स बदलत होतो. रात्री मोटेलमध्ये २१२ चित्रे पाहिली. त्यांत चूक म्हणावी असे काही नव्हते, उजेड बरोबर होता, क्षितिज सरळ होते, आणि एकही चित्र माझे नव्हते. अकरा अनोळखी लोकांच्या चित्रांच्या मी अकरा फिकट नकला केल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून पाऊस लागला. या भागात वर्षाकाठी पाऊस फार थोडा पडतो, पण जो पडतो तो सगळी वाहतूक बंद पाडायला पुरतो. शेलमध्ये बेंटोनाइट ही माती मिसळलेली आहे. ज्वालामुखीची राख कुजून तयार झालेली ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. कोरड्या टेकड्यांचा पृष्ठभाग जवळून पाहिला तर ज्वारीच्या लाह्या पसरून ठेवल्यासारखा दिसतो, तो या फुगण्या-आकसण्यामुळेच. आपल्या काळ्या रानाला उन्हाळ्यात ज्या भेगा पडतात, त्यांचे कारणही याच जातीची चिकणमाती. हे सगळे मला वाचून ठाऊक होते, तरी सकाळी मी गाडी कच्च्या रस्त्याला घातलीच. शंभरेक मीटरमध्ये चाकांच्या खाचा चिखलाने भरून गुळगुळीत झाल्या आणि गाडी आपल्या मर्जीने उताराकडे सरकू लागली. तशीच मागे घेत घेत कशीबशी डांबरी रस्त्याला लागलो. खाली उतरून दहा पावले चाललो, तर प्रत्येक बुटाला दोन-दोन किलोचा लगदा चिकटला होता. खाणावळीतल्या वाढपी बाईंनी बुटांकडे पाहूनच मी कुठे जाऊन आलो ते ओळखले आणि उद्या दुपारपर्यंत तरी त्या बाजूला फिरकू नका, असे बजावले.

दुपारी संगमनेरला फोन लावला. तिकडे रात्र झाली होती, पण बाबा उशिरापर्यंत जागे असतात. त्यांना मातीचे वर्णन सांगितले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : “वाळल्यावर वर पांढरी खपली धरते का रे?”

“धरते, बाबा. घळींच्या तळाशी तर मिठासारखी दिसते.”

“मग ती चोपणच की. त्यात काय बघायला गेलास एवढ्या लांब?”

चोपण जमीन म्हणजे क्षारांनी बिघडलेली, पाणी न मुरू देणारी, पावसात चिकट आणि उन्हात दगड होणारी जमीन, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्यांना सांगायला नको. बाबांचे निदान भूवैज्ञानिकांच्या निदानापासून फारसे दूर नव्हते, कारण मॅन्कोस शेल समुद्राचे क्षार पोटात घेऊनच वर आलेला आहे. त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाला मात्र त्या वेळी माझ्याकडे उत्तर नव्हते.

उरलेला दिवस मी ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या भूवैज्ञानिकाचा १८७७ सालचा अहवाल चाळत काढला. हँक्सव्हिलच्या दक्षिणेला हेन्री पर्वत दिसतात. १८७५ आणि १८७६ या दोन वर्षांत गिल्बर्टने तिथे काम केले, आणि पर्वतांबरोबरच पायथ्याच्या या राखाडी टेकड्यांकडेही तो बारकाईने पाहत राहिला. त्याने मांडलेल्या नियमाप्रमाणे वाहते पाणी जमीन कोरते तेव्हा उतार माथ्याकडे अधिकाधिक तीव्र होत जायला हवा, म्हणजे दोन घळींमधला कणा सुरीच्या धारेसारखा व्हायला हवा. प्रत्यक्षात बॅडलँड्समधले अनेक कणे अगदी माथ्याशी गोलसर होतात. आपल्या नियमात हे बसत नाही, अशी कबुली त्याने तेव्हाच देऊन ठेवली आणि उत्तर छापले ते १९०९ साली : माथ्याशी पाणी इतके थोडे असते की तिथे त्याचे काही चालत नाही, आणि माती कणाकणाने खाली सरकत राहते त्यामुळे धार बोथट होते. एका टेकडीच्या खांद्याचा गोलवा माणसाच्या डोक्यात बत्तीस वर्षे राहतो, हे वाचून मला माझ्या एका दिवसातल्या अकरा जागांची लाज वाटली, हे खरे आहे. पण तिसऱ्या दिवशी मी जे केले ते केवळ त्या लाजेपोटी केले असे म्हणणे म्हणजे स्वतःला फुकटचे श्रेय देणे होईल. रस्ते अजून ओले होते, गाडी नेता येत नव्हती, आणि पाठीवर तीन लेन्स वाहून तीन किलोमीटर चालण्याची माझी तयारी नव्हती. म्हणून एकच लेन्स घेतली आणि एकाच जागी बसायचे ठरवले.

घेतलेली लेन्स १००-४०० होती, म्हणजे दूरचे जवळ ओढून आणणारी. गाडी डांबरी रस्त्याच्या कडेला लावून मी दुपारी तीनच्या सुमारास निघालो. आकाश स्वच्छ होते, वारा सकाळपासून वाहत होता. वरची माती बरीच सुकली होती, तरी मी शक्यतो ओढ्याच्या रेताड तळातूनच चाललो. एक तर तिथे चिखल कमी असतो, आणि दुसरे म्हणजे इथल्या जमिनीवर सूक्ष्म जीवांनी धरलेली एक काळपट, खडबडीत खपली असते, तिच्यावर पाय पडला तर ती पुन्हा धरायला वर्षानुवर्षे जातात. लाह्यांसारख्या उतारावरून चालत गेलेल्या माणसाची पावले पुढच्या मोठ्या पावसापर्यंत तशीच राहतात. शेजारच्या मोटारसायकलवाल्यांसाठी मोकळ्या ठेवलेल्या टेकड्यांवर चाकांच्या रेषा मैलभरावरून दिसत होत्या. तिथे त्यांना मुभा आहे, त्यामुळे तक्रार करण्याचे कारण नाही, पण ४०० मिलिमीटरच्या लेन्समधून त्या रेषा सुटत नाहीत आणि त्यामुळे अर्धे क्षितिज माझ्यासाठी बाद झाले होते.

बसायला जागा मिळाली ती वालुकाश्माच्या एका कड्यावर. खाली आणि समोर टेकड्यांच्या ओळी होत्या, पहिली साधारण तीनशे मीटरवर आणि शेवटची किलोमीटरभर लांब. ट्रायपॉड उभा केला, फोन बंद करून पिशवीच्या तळाशी टाकला, आणि कॅमेरा बाहेर काढण्यापूर्वी अर्धा तास नुसते पाहायचे असे ठरवले. पहिली दहा मिनिटे कंटाळवाणी गेली. समोर राखाडी होते, आणि सगळे राखाडीच होते. मग हळूहळू त्या राखाडीत भेद दिसू लागले. वाऱ्याने आणि उन्हाने कणे आधी वाळले होते, घळी अजून ओल्या होत्या, त्यामुळे प्रत्येक टेकडीवर फिकट शिरा आणि गडद खाचा अशी नक्षी उठली होती, जी पहिल्या दिवशी कोरड्या जमिनीवर नव्हती. सूर्य खाली येऊ लागला तसा गिल्बर्टचा गोलवाही दिसला. ज्या कण्याला धार होती तिथे उजेड आणि सावली एका रेषेत तुटत होती, आणि जिथे माथा गोल होता तिथे उजेडातून सावलीत जायला तळहाताएवढा पट्टा लागत होता, रेशमी कापडाच्या घडीवर लागतो तसा. एकदा हा फरक डोळ्यांना लागला की समोरच्या प्रत्येक टेकडीला तोच प्रश्न विचारावासा वाटतो : तू धारेची की गोलव्याची?

पाच वाजता मी पहिले चित्र घेतले. डावीकडच्या एका बुटक्या टेकडीचा कणा मांडी घालून बसलेल्या माणसाच्या गुडघ्यासारखा पुढे आला होता. त्या गुडघ्यावरून उतरणाऱ्या सात-आठ शिरा आणि मागे सावलीतली भिंत, एवढेच चौकटीत ठेवले. आकाश वगळले. चित्र बरे वाटले, पण खालच्या डाव्या कोपऱ्यात उजेडाचा एक तुकडा डोळा ओढून घेत होता. कॅमेरा केसभर उजवीकडे वळवला, तर उजव्या कडेची शीर कापली गेली. लेन्स थोडी मागे घेतली, मग पुन्हा पुढे. तोवर सावली दोन शिरा चढून वर आली होती आणि चित्राचा प्रश्नच बदलला होता. असे एकातून दुसरे निघत गेले. प्रत्येक चौकट एक लहानसा प्रश्न घालत होती, उत्तर त्याच क्षणी व्ह्यूफाइंडरमध्ये दिसत होते, आणि त्या उत्तरातच पुढचा प्रश्न असे. हे प्रश्न माझ्या आवाक्यातले होते, पण सोपे नव्हते, आणि सूर्य थांबणार नसल्यामुळे रेंगाळायलाही वाव नव्हता.

तंद्री कधी लागली ते सांगता येत नाही, कारण ते सांगता आले असते तर ती लागलीच नसती. तुटली ती आठवते. बोटांना शटरचे बटण कळेनासे झाले, तेव्हा थंडीने हात बधिर झाल्याचे लक्षात आले. घड्याळात सहा वाजून चाळीस मिनिटे झाली होती आणि सूर्य मावळून दहा मिनिटे उलटली होती. पूर्वेला पृथ्वीची सावली निळ्या पट्ट्यासारखी वर चढली होती, तिच्यावर गुलाबी पट्टा होता, आणि त्या मवाळ उजेडात समोरच्या टेकड्या राखाडी न राहता जांभळट निळ्या झाल्या होत्या. बाटलीतले पाणी भरलेलेच होते. दीड तासात आपण एकदाही उभे राहिलो नाही, हे गुडघ्यांनी सांगितले. ‘ब्रह्मानंदी लागली टाळी’ वगैरे म्हणण्याइतके ते भव्य नव्हते. आई दळण निवडताना हाक मारली तरी तिला ऐकू जात नसे, त्या जातीचे ते काहीतरी होते.

इंग्रजीत याला ‘फ्लो’ म्हणतात, आणि ती कल्पना रूढ केली मिहाय चिक्सेंटमिहाय या हंगेरियन-अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने. १९६०च्या दशकात शिकागोमध्ये चित्रकलेच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास करताना त्याला एक विचित्र गोष्ट दिसली : चित्र रंगवताना ही मुले तहानभूक विसरत, पण चित्र पुरे झाले की त्यातला त्यांचा रस ओसरे आणि ती दुसऱ्या चित्राकडे वळत. आव्हान कौशल्याच्या बेताचे असणे, काय करायचे ते स्पष्ट असणे आणि केलेले बरोबर की चूक हे लगेच कळणे, या अटी त्याने पुढे मांडल्या. मला त्या पटतात. पहिल्या दिवशी त्यांतली एकही अट पुरी होत नव्हती, कारण माझे आव्हान टेकडी नव्हती, ती अकरा चित्रांची यादी होती, आणि बरोबर-चुकीचा निवाडा रात्री मोटेलमध्ये व्हायचा होता. तिसऱ्या दिवशी लेन्स एक, जागा एक आणि बाद झालेले अर्धे क्षितिज यांनी माझ्यापुढचे पर्याय इतके कमी केले की निवडीचा शीण उरलाच नाही. मात्र या विषयावर लिहिणारे बरेच जण असे सुचवतात की तंद्री लागली म्हणजे काम आपोआप उत्तम होते. ते मला पटत नाही, आणि त्याचे कारण घरी परतल्यावर कळले.

चौथ्या दिवशी सकाळी मी त्याच कड्यावर जाऊन बसलो. सूर्य पावणेआठच्या सुमारास उगवणार होता, रात्रीतून ओढ्यातल्या डबक्यांवर काचेसारखा बर्फाचा पापुद्रा धरला होता, आणि आदल्या संध्याकाळचे सुख पुन्हा मिळेल या आशेने मी वेळेच्या बराच आधी पोचलो होतो. ते मिळाले नाही. उजेड उलट दिशेने येत होता, घळीही आता बऱ्याच सुकल्या होत्या, आणि माझे अर्धे लक्ष तंद्री लागते की नाही यावरच होते. अर्ध्या तासाने तो नाद सोडला आणि कारकुनासारखे काम केले. आदल्या दिवशी पाहून ठेवलेल्या टेकड्या एकेक करून घेतल्या, प्रत्येक वेळी चित्र मोठे करून फोकस तपासला, उजेड-अंधाराचा आलेख म्हणजे हिस्टोग्राम पाहिला, वारा थांबण्याची वाट पाहिली, दोन सेकंदांचा टायमर लावला. अडतीस चित्रे झाली. त्यांतले एकही घेताना मला विशेष काही वाटले नाही.

घरी येऊन मोठ्या पडद्यावर सगळे उघडले. संध्याकाळची चित्रे १४३ होती, आणि त्यांतली पन्नासावर पुसट होती. थोडा वेळ वाऱ्याला दोष दिला. मग नीट पाहिल्यावर दिसले की या सर्व चित्रांत तीनशे मीटरवरची ओळ स्वच्छ आहे आणि मागची, जिच्यासाठी चित्र घेतले होते ती, किंचित मऊ आहे. हातमोजे घालून लेन्स फिरवताना तिच्या अंगावरचे फोकसचे बटण ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’वर सरकले होते, आणि त्यानंतर मी तासभर जे जे पाहत गेलो ते ते पहिल्या टेकडीच्या फोकसवर टिपले गेले होते. व्ह्यूफाइंडरमध्ये ते कळण्यासारखे नव्हते, पण एकदा चित्र मोठे करून पाहिले असते तर कळले असते. तंद्रीत असलेला माणूस थांबून चित्र मोठे करून पाहत नाही, हीच तर अडचण आहे. जांभळट निळ्या टेकड्यांची सगळी चित्रे त्या पन्नासांत गेली. त्यांचे आजही वाईट वाटते.

शेवटी सहा चित्रे छापून घेतली. त्यांतली दोन संध्याकाळची आणि चार सकाळची, म्हणजे कारकुनी कामातली. पण त्या चारांतल्या प्रत्येक चित्रातली टेकडी, तिचा कोन, काय ठेवायचे आणि काय वगळायचे, हे सगळे आदल्या संध्याकाळीच ठरले होते. सकाळी मी फक्त ते नीट लिहून काढले. त्यामुळे दोन विरुद्ध चार असा हिशेब मांडावा तर तोही सरळ बसत नाही.

गुडघ्याच्या टेकडीचे चित्र बाबांना पाठवले. त्यांनी ते बराच वेळ पाहिले असावे, कारण उत्तर दुसऱ्या दिवशी आले : “पाणी डावीकडून उतरलेलं दिसतंय. बांध घातला असता तर माती थांबली असती.” मी चित्र पुन्हा उघडून पाहिले. डावीकडच्या शिरा खरोखरच अधिक खोल आहेत, आणि चौकट जुळवताना मी त्या बाजूला जास्त जागा का सोडली होती, ते मला तेव्हा कळले.

येत्या मार्चमध्ये पुन्हा जायचे आहे. ट्रायपॉडच्या पायांच्या खाचांतून अजून राखाडी भुकटी गळते, ती तशीच राहू दिली आहे. लेन्सवरच्या त्या बटणावर मात्र पांढऱ्या चिकटपट्टीचा एक तुकडा पक्का डकवून ठेवला आहे.